भेटीचा आदेश ‘सोयीनुसार’ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घटस्फोटाच्या प्रकरणात मुलाचा ताबा कुणाला मिळाला याची बातमी छापून येते आणि वाचकाच्या लेखी विषय तिथेच मिटतो. कौटुंबिक न्यायालयात रोज काम करणाऱ्या आम्हा वकील-समुपदेशकांच्या लेखी तो तिथून सुरू होतो. ताब्याचा निकाल सहसा एकदाच लागतो. मूल कुठे, किती वाजता, कुणाच्या हाती द्यायचे हा प्रश्न मात्र ते अठरा वर्षांचे होईपर्यंत दर आठवड्याला उभा राहतो. माजी जोडीदार समंजस असेल तर आदेशात काय लिहिले आहे ते कुणी उघडूनही पाहत नाही. अडवणूक करणारा असेल तर त्यातला शब्द न् शब्द कामाला येतो, आणि नेमका तोच कागद घाईत लिहिलेला असतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटात हे फार दिसते. पोटगीच्या एकरकमी आकड्यावर महिनोन्‌महिने घासाघीस होते आणि मुलाविषयी शेवटी दोन ओळी: ‘ताबा आईकडे राहील. वडिलांना उभयतांच्या सोयीने भेटता येईल.’ सहा महिन्यांत एकाची सोय दुसऱ्याला गैरसोयीची वाटू लागते आणि पुन्हा अर्ज येतो.

आधी कायद्याचे थोडक्यात. घटस्फोटाचा किंवा दुसरा वैवाहिक दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली त्यातच ताबा, भेट, शिक्षण आणि खर्च यांचा अंतरिम आदेश मागता येतो. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये हेच कलम ३८ ला आहे. असा दावाच नसेल तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० आहे, तो सर्व धर्मीयांना लागू आहे आणि त्याचा अर्ज मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते तिथल्या न्यायालयात करावा लागतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीत २००५ च्या कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेटीने मुलाला इजा पोहोचेल असे वाटले तर भेट नाकारूही शकतात. कलम कोणतेही लावा, कसोटी मुलाच्या हिताचीच.

‘पाच वर्षांपर्यंत आईकडे, मग वडिलांकडे’ हा समज चुकीचा आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम ६ एवढेच म्हणते की पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. पाचव्या वाढदिवसानंतर पारडे आपोआप फिरते असे त्यात कुठेही नाही. ‘नऊ वर्षांचे झाले की मूल स्वतः ठरवते’ हेही तसेच. समजून-उमजून आवड सांगण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायाधीश तिचा विचार करू शकतात, असे १८९० च्या कायद्याचे कलम १७ सांगते. वयाचा आकडा त्यात नाही, आणि मुलाने सांगितले म्हणजे तसाच निकाल होईल असेही नाही.

वेगळे झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार महत्त्वाचे असतात. मूल एका घरी, एका शाळेत रुळले की ती घडी मोडायला न्यायालय सहसा तयार नसते. ‘आधी वातावरण निवळू दे, मग भेटीचे बघू’ म्हणून गप्प बसलेला पालक वर्षभराने अर्ज घेऊन येतो, तेव्हा समोरून उत्तर तयार असते: मूल यांना ओळखतही नाही. म्हणून ताब्यावर दावा असो वा नसो, भेटीचा अंतरिम अर्ज लवकर करावा आणि अर्जासोबत वेळापत्रकाचा पूर्ण मसुदा जोडावा. नुसते ‘योग्य ती भेट मिळावी’ असे मागितले की आदेशही तेवढाच मोघम येतो. समोर दीड पानांचा तयार मसुदा असला की त्यावर समोरच्या बाजूचे ‘म्हणणे’, म्हणजे लेखी उत्तर, मागवले जाते आणि चर्चा तपशिलावर येते.

आता तो मसुदा. ‘दर पंधरा दिवसांनी’ असे लिहू नये. एक भेट चुकली की पुढचे पंधरा दिवस कुठून मोजायचे यावरून वाद होतो. ‘महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार, शनिवारच्या तारखेने मोजून’ असे लिहावे. ‘शनिवारच्या तारखेने’ का, तर महिन्याची एक तारीख रविवारी आली की तो पहिला शनिवार-रविवार धरायचा की नाही यावर खरोखरच भांडणे होतात. पाचवा शनिवार कुणाचा तेही लिहावे. भेट न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत होणार असेल तर दुसरा-चौथा शनिवार मागू नये, न्यायालय बंद असते. सणाची सुट्टी आणि उन्हाळी सुट्टी आली तर पर्यायी दिवस कोणता, हेही त्याच परिच्छेदात यावे.

वेळ सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही लिहावी. जागा लिहावी: ‘घरी’ नव्हे, ‘सोसायटीच्या फाटकाशी’. वाट किती वेळ पाहायची ते लिहावे. तीस मिनिटे पुरेशी आहेत, त्यानंतर भेट चुकली असे धरले जाईल. आणणे कुणी, पोहोचवणे कुणी, जाण्या-येण्याचा खर्च कुणाचा, स्वतः येणे जमले नाही तर कोण येईल, त्या दोन-तीन माणसांची नावे. ‘नातेवाईक’ एवढ्यावर भागवू नये, मुलाला ठाऊक नसलेला चुलतमामा दारात उभा राहतो.

आजारपण आणि परीक्षा ही अडवणुकीची दोन हुकमी साधने. ‘मूल आजारी असल्यास भेट होणार नाही’ एवढे वाक्य लिहून घेतले की दर पहिल्या शनिवारी सर्दी होते. त्याऐवजी: प्रवास करता येणार नाही असा ताप किंवा उलट्या असतील तरच भेट पुढे जाईल, डॉक्टरांची त्याच दिवसाची चिठ्ठी भेटीच्या वेळेआधी पाठवावी लागेल, त्या दिवशी तीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल होईल. परीक्षेचेही तसेच. घटक चाचणी, स्पर्धा परीक्षा, प्रकल्प, सराव पेपर असे सगळे धरले तर वर्षात मोकळा शनिवार उरणार नाही. ‘फक्त सहामाही व वार्षिक परीक्षा, त्यांच्या आधीचे चार दिवस, आणि त्या काळातही आठवड्याला दोन तास’ अशी मर्यादा घालावी. दोन तासांत अभ्यास बुडत नाही.

सगळ्यात उपयोगी कलम भरपाईचे. ‘कोणत्याही कारणाने चुकलेली भेट लगेचच्या पुढील शनिवार-रविवारी, त्याच वेळेत आणि त्याच ठिकाणी, वेगळ्या आदेशाविना होईल.’ हे वाक्य आदेशात असले की भेट बुडवून काही पदरात पडत नाही आणि खोट्या सबबी बऱ्याच कमी होतात. नसले तर प्रत्येक बुडालेल्या भेटीसाठी अर्ज, त्यावर म्हणणे, त्यावर तारीख, आणि तोवर आणखी तीन भेटी बुडालेल्या.

सुट्ट्यांचा हिशेब असाच. ‘मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी’ म्हटले की पहिली निम्मी कुणाची आणि ती मोजायची निकालापासून की शेवटच्या पेपरपासून, हे उरतेच. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून शाळा सुरू होण्याच्या सात दिवस आधीपर्यंतचा काळ मोजावा, दोन भाग करावेत. सम वर्षी पहिला भाग आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. दिवाळीत लक्ष्मीपूजन एकाकडे तर पाडवा-भाऊबीज दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. गणपती, ईद, नाताळ, ज्या घरात जे असेल त्याचे तसेच. मुलाच्या वाढदिवसाला शाळेनंतरचे दोन तास तरी दुसऱ्या पालकाला असावेत. आणि एक ओळ हमखास राहून जाते: सण, सुट्टी आणि नेहमीचा शनिवार एकाच दिवशी आले तर कोणते कलम वरचढ? आधी सण, मग सुट्टी, मग शनिवार, असा क्रम लिहून टाकावा.

समुपदेशकाच्या खोलीत पुष्कळ गोष्टी तोंडी ठरतात. तिथे झालेले बोलणे गोपनीय असते, पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून जे ठरले ते त्याच दिवशी पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) करून, दोघांच्या सह्या घेऊन न्यायालयासमोर ठेवावे आणि त्यावर आदेश घ्यावा. ‘त्या दिवशी तुम्हीच कबूल केले होते’ याला नंतर काही अर्थ राहत नाही.

कागद चांगला झाला तरी मूल देण्या-घेण्याची दहा मिनिटे ही खरी परीक्षा. घराच्या दारात मूल देऊ-घेऊ नये. दारात आजी-आजोबा असतात, शेजारी असतात, जुनी भांडणे असतात. सर्वांत निर्धोक जागा शाळा. शुक्रवारी शाळा सुटताना एकाने घ्यायचे, सोमवारी सकाळी थेट शाळेत सोडायचे. आई-वडिलांची गाठच पडत नाही. त्यासाठी आदेशाची प्रत आणि मूल नेण्याची परवानगी असलेल्यांची नावे मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावीत, पोच घ्यावी. वर्गशिक्षकांना मात्र यात ओढू नये. त्यांच्याकडून ‘मूल अमुक पालकाजवळ आनंदी असते’ असा दाखला मागणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्याने शिक्षक सावध होतात आणि मुलाशी मोकळेपणाने वागणे सोडतात, एवढेच साधते. शाळा बंद असेल तेव्हा वर्दळीची, उजेडाची जागा निवडावी. गाडीतून खाली उतरून बोलायला थांबू नये. औषधे, चष्मा, दप्तर, दुसऱ्या दिवशीचा गणवेश यांची चिठ्ठी पिशवीतच ठेवावी, म्हणजे विचारायला फोन लागत नाही.

दारात उभे राहून ‘जायचंय का तुला बाबांकडे?’ असे मुलाला विचारणे ही ताबा असलेल्या पालकाची सर्वांत मोठी चूक, आणि पुष्कळदा ती वाईट हेतूने होतही नाही. सहा वर्षांच्या मुलाला समोर उभ्या आईच्या चेहऱ्याकडे पाहून जे उत्तर द्यावेसे वाटते तेच ते देते. शाळेत जायचे का, दाताच्या डॉक्टरकडे जायचे का, हे आपण असे विचारत नाही. ‘उद्या दहाला बाबा येतील, रविवारी संध्याकाळी परत येशील’ एवढे आदल्या दिवशी सांगावे. परत आल्यावरही तिथे कोण होते, काय बोलले, कुणी फोन केला, अशी उलटतपासणी नको. जेवण झाले का, झोप झाली का, एवढे पुरे. बाकीचे मूल आपणहून सांगते.

बारा-तेरा वर्षांचे मूल खरोखरच नकार देते तेव्हा गोष्ट वेगळी. नकाराचे कारण शोधावे लागते. कधी ते साधे असते: तिकडे खेळायला कुणी नाही, शनिवारचा क्रिकेटचा सराव बुडतो, नव्या जोडीदाराची ओळख फार घाईने करून दिली. यावर वेळ बदलून किंवा मुक्कामाऐवजी दिवसाची भेट ठेवून मार्ग निघतो. कधी ते पढवलेले असते. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकटे बोलतात तेव्हा हे बहुतेक वेळा लगेच कळते: सात वर्षांचे मूल ‘मानसिक छळ’ असा शब्द वापरते, किंवा अर्जातले वाक्य जसेच्या तसे म्हणते. मुलाला दुसऱ्या पालकाविरुद्ध फितवण्याच्या या प्रकाराची सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या निकालात दखल घेतली आहे. तरीही पहिल्याच अर्जात ‘मुलाचे कान भरले’ हा आरोप करू नये, असे आमचे मत. तो सिद्ध करायला वेळ लागतो, आणि दोन्ही बाजू तो इतक्या सहज करतात की त्याची धार गेली आहे. त्याऐवजी समुपदेशकासमोर सलग चार-सहा भेटी मागाव्यात. मूल पहिल्या पंधरा मिनिटांत फुगलेले आणि नंतर मांडीवर बसलेले, हे समुपदेशकाला प्रत्यक्ष दिसू द्यावे.

अडेल माजी जोडीदाराशी बोलण्याचा सोपा नियम: आपण लिहितो तो प्रत्येक संदेश उद्या न्यायाधीश वाचणार आहेत असे समजून लिहावा. ‘गेल्या वेळचं नाटक नको. तुझ्या आईमुळेच हे सगळं होतं. शनिवारी पोराला तयार ठेव नाहीतर कोर्टात बघतो’ हा संदेश पाठवणाऱ्याचे मूल खरोखरच अडवले गेलेले असते, पण पुढच्या तारखेला ‘धमकीचा पुरावा’ म्हणून हीच ओळ समोरून दाखल होते. तेच असे लिहिता येते: ‘आदेशातील परिच्छेद ४ प्रमाणे शनिवारी ता. ७ रोजी सकाळी १० वाजता सोसायटीच्या फाटकाशी येत आहे. रविवारी सायंकाळी ६ वाजता तिथेच परत आणेन. सर्दीचे औषध चालू असल्यास वेळा कळवाव्यात.’ एका संदेशात एकच विषय, तारीख, वेळ, जागा. विशेषण एकही नाही. समोरून पाच आरोप आणि एक प्रश्न आला तर उत्तर फक्त प्रश्नाला द्यावे. प्रत्येक आरोप खोडायची गरज नसते, आणि गप्प राहिलो म्हणजे कबूल केले असेही होत नाही. तातडी नसेल तर उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावे. रात्री अकरानंतर लिहिलेले संदेश फायलीत फार वाईट दिसतात. आणि मुलाच्या हाती निरोप कधीच नाही, ‘फी भरायला सांग’ एवढाही नाही.

फोन-व्हिडिओ कॉलचे वेगळे कलम हवे. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की विशेष कारण नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच ते दहा मिनिटे बोलता आले पाहिजे. त्याचा आधार घेऊन वेळ (समजा, सायंकाळी साडेसात), कोणत्या क्रमांकावर, फोन कुणी लावायचा आणि नाही लागला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा, हे लिहून घ्यावे. लहान मूल स्क्रीनसमोर दहा मिनिटे बसत नाही, यात कुणाचे कारस्थान नसते. ‘आज शाळेत काय केलं?’ ला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात आणि रोज दोन पाने वाचावीत, कॉल टिकतो.

नोंदवहीची शिफारस आम्ही प्रत्येक पक्षकाराला करतो आणि ती नीट ठेवणारे मोजकेच असतात. साधी वही, सहा रकाने: तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, जागा, हजर कोण, शेरा. शेरा एका ओळीचा, घडलेल्या गोष्टीचा. ‘तिने मुद्दाम त्रास दिला’ हा शेरा नव्हे, ‘१०.४० ला मूल आले, दप्तर नव्हते’ हा शेरा. झालेल्या भेटीही लिहाव्यात, नुसत्या बुडालेल्या नाहीत. फक्त तक्रारींची वही कुणाला खरी वाटत नाही. व्हॉट्सॲपचे निवडक स्क्रीनशॉट देण्यापेक्षा त्या काळातला सगळा संवाद एक्सपोर्ट करून ठेवावा, संदेश आपोआप पुसण्याची सोय बंद करावी आणि जुना हँडसेट विकू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे दोन भागांचे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा) द्यावी लागते. कौटुंबिक न्यायालयाला १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ मुळे पुराव्याच्या काटेकोर नियमांपलीकडचे कागदही पाहता येतात, पण त्या भरवशावर राहू नये. मुलाचे रडणे, मुलाची ‘कबुली’, मूल परत जाताना केलेला आक्रोश यांचे व्हिडिओ मात्र काढू नयेत. त्यातून दिसतो तो कॅमेरा धरणारा पालक.

भेट अडवली तर काय? त्याच दिवशी, जागेवरून परतताना, एक संदेश: ‘आज १० ते १०.३० फाटकाशी थांबलो. मूल आले नाही. १०.१० व १०.२० ला फोन केला, उचलला गेला नाही. परिच्छेद ७ प्रमाणे भरपाईची भेट पुढील शनिवारी घेईन.’ पोलिसांना बोलावू नये. ते हे दिवाणी प्रकरण म्हणून हात झटकतात, आणि मुलाच्या आठवणीत मात्र खाकी गणवेश राहतो. दुसऱ्यांदा झाले की वकिलामार्फत पत्र. तिसऱ्यांदा झाले की त्याच प्रकरणात अर्ज, सोबत वहीतला तक्ता. अर्जात ‘समोरच्याला धडा शिकवावा’ असे न मागता ठोस मागावे: बुडालेल्या इतक्या दिवसांची भरपाई या तारखांना, देणे-घेणे यापुढे शाळेत, पहिले तीन महिने समुपदेशकाकडे अहवाल. दरखास्त (आदेशाची अंमलबजावणी मागणारा अर्ज) आणि न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज हे त्यापुढचे. अवमानात आदेश जाणूनबुजून मोडला हे दाखवावे लागते आणि मुदत एक वर्षाची असते. ‘सोयीनुसार’ लिहिलेला आदेश जाणूनबुजून मोडला हे सिद्ध करणे जवळपास अशक्य, हे वेगळे सांगायला नको. शिवाय मूल सांभाळणाऱ्या पालकाला तुरुंगात पाठवायला कोणताही न्यायाधीश धजावत नाही. सतत, नोंदवलेली, कारण नसलेली अडवणूक असेल तर शेवटी ताबा बदलण्याचा अर्ज करता येतो, आणि तिथे ही वहीच बोलते.

भेट दिली नाही म्हणून पोटगी थांबवणे, किंवा पोटगी थकली म्हणून मूल न पाठवणे, ही दोन्ही स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेण्याची कामे. दोन्ही हक्क वेगळे, दोन्हींची वसुली वेगळी. थकलेल्या पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या आदेशावर वॉरंट निघू शकते. उत्पन्न खरोखर घटले असेल तर रक्कम कमी करण्याचा अर्ज करावा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते, तिथे ते मांडता येते. तोवर झेपेल तेवढी रक्कम बँकेतून भरत राहावी, रोख देऊ नये.

मुलाला मारहाण, व्यसन, लैंगिक अत्याचार असा आरोप आला की नियम बदलतात. शंका खरी असेल तर मुलाची सुरक्षितता आधी: डॉक्टर, १०९८ ही बालकांची हेल्पलाइन, पोलीस, आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी न्यायालयात भेट स्थगित करण्याचा तातडीचा अर्ज. अर्ज न करता नुसतेच मूल पाठवणे बंद केले तर खरी तक्रारही बनाव वाटू लागते. उलट बाजूने, आपल्यावर खोटा आरोप झाला असे ज्याला वाटते त्याने ‘पूर्ण भेट द्या नाहीतर नको’ असा हट्ट धरू नये. देखरेखीखालची भेट लगेच, लेखी, ‘आरोप अमान्य करून’ स्वीकारावी. चौकशी वर्षभर चालली तरी मुलाशी नाते तुटत नाही, आणि समुपदेशकाच्या नोंदी तयार होतात. यात अपमान वाटतो हे खरे. पण वर्षभराची पोकळी नंतर भरून निघत नाही.

गाव किंवा शाळा बदलायची असेल तर साठ दिवस आधी लेखी कळवण्याचे कलम असावे आणि कळवताना नवे वेळापत्रकही सुचवावे. अंतर वाढले की महिन्यातून दोनदा येणे जमत नाही. एक लांब भेट आणि सुट्टीतला मोठा वाटा असा मेळ बसतो. परदेशाची भीती असेल तर पासपोर्टकडे लक्ष हवे. अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाच्या पासपोर्टसाठी दोघांच्या संमतीचे जोडपत्र ‘डी’ असते, एकाच पालकाच्या अर्जासाठी ‘सी’. पासपोर्ट न्यायालयात जमा ठेवावा आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेऊ नये असा आदेश आधीच घ्यावा, कारण मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही आणि बाहेर गेलेले मूल परत आणणे फार कठीण असते. देशातल्या देशात मूल बेकायदा नेऊन दडवले असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करायला लावणाऱ्या अर्जाचा, मार्ग आहे.

आदेश आज चांगला झाला म्हणजे कायमचा झाला असे नाही. ताब्याचा कोणताही आदेश अंतिम नसतो, परिस्थिती बदलली की बदलता येतो. तीन वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेले वेळापत्रक दहाव्या वर्षी चालत नाही. म्हणून दोघांनी सही केलेल्या संमती अटींमध्येच ‘दर दोन वर्षांनी किंवा शाळेचा टप्पा बदलताना फेरविचार, आधी समुपदेशकासमोर’ असे घालून ठेवावे.

विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. कायद्यात ती अद्याप उतरलेली नाही. पण वर लिहिलेल्या कशासाठीही कायदा बदलायची गरज नाही. प्रत्येक कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशन कक्षात भेटीच्या अटींचा मराठीतला तयार नमुना, रिकाम्या जागा भरण्यापुरता, ठेवला तरी पुष्कळ अर्ज वाचतील, अशी आमची संबंधितांना विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रानेही ताब्याच्या निकालाची बातमी देताना भेटीच्या अटी काय ठरल्या त्या छापाव्यात.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पुरुषांना सर्वसाधारणपणे उत्पन्न मर्यादेत असल्यास. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते, १५१०० वर फोनही करता येतो. जाताना आदेशाची प्रमाणित प्रत आणि प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) सोबत न्यावा. मोबाइलमधल्या अर्धवट फोटोवरून अर्ज तयार होत नाही.

आपले,
कौटुंबिक न्यायालयात काम करणारे काही वकील व समुपदेशक